माग बंद पडले तेव्हा

निपाणीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर वडगावातल्या दोघी बसल्या होत्या.

“आक्का, तुमच्या आरोहीच्या मुलाखतीचं काय झालं?”

“अगं, कॉम्प्युटरवर साहेब बोलाय लागला आन हेडफोनचा आवाज मधी मधी जायाचा. पिन काढली, पुसली, परत घातली. तरी तेच!”

“मग?”

“मग हेडफोन काढून स्पीकर लावला. पर घरातल्या मागांच्या खडखडाटात काय ऐकू येणार? ह्यांनी सगळे माग बंद केले.”

“भर दुपारी?”

“तेच की! भर दुपारी माग थांबले म्हंजे कुणीतरी वारलं, असं वाटून अख्खी गल्ली दारात. शेजारची जयाबाई तर रडतच आली.”

“अगं बया!”

“आरोहीनं हातानंच गप्प केलं. सगळी भिंतीला टेकून बसली, कुणी हूं का चूं केलं न्हाय.”

“आन नोकरी?”

“लागली की! घरात बसूनच काम. साहेब म्हणाला, तुमचं घर लई शांत हाय.”