सॉस कोणाच्या खात्यात येतो?

शनिवार, रात्री साडेअकरा. नवा आशियाई कॅफे, भिंतीकडेचं टेबल, दोन उंच स्टुलं, पाय अधांतरी, आणि उजेड एवढाच की समोर बसलेली बायको आपलीच आहे हे आवाजावरून ओळखायचं. वाढदिवस हिचा, जागा हिच्या भाचीने सुचवलेली. "मावशी, उशिरापर्यंत चालू असतं, ड्रिंक्स काय, स्नॅक्स काय, एकदा जाच." गेलो. आता तिथे माझ्या नावाने जो काही बोभाटा झाला तो कशावरून, तर मी फक्त विचारलं हो.

तुम्हाला सांगतो, हिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे नावडता नव्हे. ओठ सुजतात, घसा आवळतो, मागे एका साध्या बिस्किटापायी रात्रभर ऑक्सिजनवर होती. म्हणून वेटर आल्या आल्या मी विचारलं, "या डंपलिंगमध्ये शेंगदाणे आहेत का?"

"सर, हे खूप चालतं."

अहो चालू दे की, धावू दे... आत काय आहे?

"सर, फ्यूजन आहे."

म्हटलं, फ्यूजनमध्ये शेंगदाणे आहेत का? तर म्हणाला, "नाही बहुतेक." आता 'बहुतेक' हा शब्द घेऊन मी आयुष्यात एक बातमी छापलेली नाही. आमच्या धंद्याचा नियम आहे, दोन माणसांनी सांगितल्याशिवाय खरं धरायचं नाही. पाणी घेऊन एक बाई आली, तिला विचारलं. ती म्हणाली, "हो, पण अगदी चवीपुरते." झालं? एक म्हणतो नाही, एक म्हणते चवीपुरते, आणि शेजारच्या टेबलावरचे चारजण हातातले रंगीत ग्लास खाली ठेवून आमच्याकडे बघतायत, जणू मी त्यांच्याच घरावर धाड घातली.

ही म्हणते, "तुम्ही जेवण मागवताय का मुलाखत घेताय?"

म्हटलं, तुझ्याच जिवासाठी. मी फक्त विचारलं.

"माझ्या जिवाला भूक लागलीये," ती म्हणाली.

मग मॅनेजर आला. घट्ट जॅकेट, कानात ते यंत्र, आणि पोटात एकही सरळ उत्तर नाही. पण बोलला बघा ठणकावून, "सर, आमच्या किचनमध्ये शेंगदाणा येतच नाही." मी म्हटलं, हे छापलं तर चालेल? "छापा ना सर." जबाबदार अधिकाऱ्याचं नावानिशी निवेदन! आता आणखी काय हवं? मागवली डंपलिंग. हिने दोन खाल्ली, तिसरं सोबतच्या तपकिरी सॉसमध्ये बुडवलं, म्हणाली, "छान आहे हो, उगाच त्या बिचाऱ्यांना पिडलंत." आणि पाण्याचा ग्लास उचलायला गेली तर ग्लास ओठांना लागेना. वरचा ओठ नाकाला भेटायला निघालेला.

पर्समधली गोळी तिला दिली, गाडी बोलावली आणि गाडी येईपर्यंत मॅनेजरला धरलं. म्हटलं, तुमचं किचन?

"किचनमध्ये येत नाही हे खरंच आहे सर. सॉस बारमध्ये भरतात."

मी चौतीस वर्षं पेपरात नगरपालिकेच्या बातम्या केल्यायत, रस्ता एका खात्याचा आणि खड्डा दुसऱ्याचा हे मला नवं नाही. पण वाटीभर सॉसला दोन खाती? बारमध्ये गेलो. बारवाला लिंबू कापत होता, मान वर न करता म्हणाला, "आमच्याकडे बाटलीत तयार येतो, आम्ही ओततो फक्त." बाटली दाखव. "संपली." कुठून येते? "ते किचनला माहीत." आणि मागून मॅनेजर, अगदी हळुवार आवाजात, "सर, बाकीचे गेस्ट डिस्टर्ब होतायत."

मी फक्त विचारलं हो. ओरडलोही नाही... बरं, थोडा ओरडलो.

दारात ही माझ्या खांद्याला धरून उभी, एक डोळा जवळजवळ मिटलेला, आणि त्या सुजलेल्या तोंडाने काय म्हणाली असेल? "येतच नाही असं म्हणाला ना तो? नीट लिहून घेतलंत ना?" तुम्हीच सांगा, अशा बाईशी संसार केलेल्या माणसाला इतरांनी काय घाबरवायचं?

इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होती, चपळ होती. सुई टोचली, नळी लावली, हिचा श्वास ताळ्यावर आला तेव्हा कुठे माझे पाय जमिनीला लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, नेमकं काय खाल्लं यांनी? पुन्हा टाळायचं तर कळायला हवं."

मी तोंड उघडलं आणि ऐकू काय आलं, तर माझाच आवाज, "डंपलिंग बहुतेक."

ही बरी आहे. त्यानंतर मी तिथे तीनदा जाऊन आलो. मॅनेजर बदललाय. डंपलिंग अजून मिळतात, शेजारी तीच वाटी असते, आणि त्या वाटीत काय असतं हे आजपर्यंत एकाही माणसाने सांगितलेलं नाही.