भंगारातल्या मशिनला हाका

...नाही, अकरा मिनिटं! तुम्हाला सांगतो, रोज सकाळी अकरा मिनिटं लागतात माझ्या कॉम्प्युटरला जागं व्हायला, पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरतंय आणि मी हाताची घडी घालून समोर बसलोय... आणि शेजारच्या टेबलावर माझ्या सहकारिणीचा? वीस सेकंद! अहो, आम्ही दोघंही एकाच वाचनालयात, मशिनं एकाच दिवशी एकाच गाडीतून उतरलेली, मग हिच्याच मशिनचे एवढे लाड का? वर खुर्ची वळवून विचारते, "काय रे, झोपलंय का अजून?" तेही गोड आवाजात! अंगाचा नुसता तिळपापड!

आणि काल तर कहरच. सकाळी आम्ही बटण दाबतोय तोच मोठ्या बाई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, दारातूनच ओरडल्या, "मुलांच्या नव्या विभागाला प्रमुख नेमायचाय, समिती फोनवर खोळंबलीये, दहा मिनिटांत योजना पाठवा!" दहा! माझी चाळीस पानांची योजना, दोन वर्षं घासून लिहिलेली, आत कॉम्प्युटरमध्ये, आणि मी बाहेर! तिनं काय केलं? वीस सेकंद! चार ओळी खरडल्या, पाठवल्या, झाली की हो प्रमुख!

मग मी तणतणत दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणतो, "दादा, हा उठल्या उठल्या नेटवर्कवर एका जुन्या मशिनला हाका मारतोय. ते तर कधीच भंगारात गेलं! उत्तर येत नाही, आणि हा वाट बघणं सोडत नाही. कुणी जोडलं हे?"

कुणी म्हणजे... मीच! सगळ्यांचं काम एका जागी, सगळ्यांना खुलं, माझं-तुझं काही नाही, म्हणून मीच प्रत्येकाच्या मशिनला ते जोडलं होतं!

"मग तिच्या मशिनमध्ये?"

"ताईंनी मागेच काढून घेतलं."

बघा! किती आपमतलबी! मी कडाडलो, "मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं रे," ती म्हणाली, "तू म्हणालास, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

...दुरुस्तीवाल्यानं पडद्यावर त्या जोडणीपुढची बरोबरची खूण पुसली, संपलं. आज सकाळी बटण दाबलं, आणि माझाही? वीस सेकंद! डोळे भरून आले हो... तेवढ्यात एकविसाव्या सेकंदाला शेजारच्या टेबलावरून नव्या प्रमुखबाईंची पहिली सूचना आली: "तुझी ती चाळीस पानं पाठव. माझ्या नावाने छापायला द्यायचीत."