भरतीला पाच तास

नाही, पण मी म्हणतो, हातात आलेला चष्मा माणसाने एकदा, फक्त एकदा, डोळ्यांसमोर धरून पाहू नये? तुम्ही-आम्ही पाहिला नसता तर गोष्ट निराळी. आपल्याला भिंगातले काय कळते! पण माणूस चष्मेवाला! तीस वर्षे काचेच्या कपाटामागे बसून परक्यांचे नंबर काढणारा चष्मेवाला!... ऐका तुम्ही, म्हणजे तुमचाही जीव माझ्यासारखाच जळेल.

त्याचे असे झाले. आमचे हे चष्मेवाले, वय बावन्न, संसार मांडायचा राहून गेलेला, डोक्यावर केस म्हणाल तर कानांपुरते, भिंगांची पेटी घेऊन घराकडे निघाले आणि खाडीच्या धक्क्यावर अडकले. ओहोटी! यांची मोठी बोट आणि पलीकडच्या गावांना जाणारी धाकटी बोट, दोन्ही चिखलात कुशीवर निजलेल्या. तिकीटवाला म्हणतो, "भरती आल्याशिवाय काही हलत नाही. पाच तास. बसा." बसा तर बसा! उतारूंच्या खोलीत वर तापलेला पत्रा, खाली एकच बाक, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, मांडीवर चष्मा आणि चष्म्याची एक काडी हातात.

"स्क्रू पडला हो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दिसतोय का कुठे?"

आता यांच्या खिशात स्क्रूची डबी, इवलासा पेचकस, सगळी आयुधे तयार. दोन मिनिटांचे काम! पण तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि तेवढं त्या फळ्यावर काय लिहिलंय ते वाचता का?" झाले! यांनी ताडले की बाईंना काही दिसत नाही. आणि जिला काही दिसत नाही, तिला हे डोकेही दिसत नाही! तत्काळ टोपी चढवली, तोंड उजेडाकडून वळवले, आणि म्हणतात कसे, "करून देतो, पण... नाजूक काम आहे, सावकाश करावं लागेल."

सावकाश! अहो, त्या पत्र्याखाली घामाच्या धारा लागलेल्या, टोपीतून पाणी ठिबकतेय, आणि हे ध्यानस्थ! पण तुम्हाला सांगतो, बोलणे काय रंगले म्हणता! बाई रफूवाल्या. "शालीला उंदरानं पाडलेलं भोक असं बुजवीन," म्हणाल्या, "की उंदरालाच सापडायचं नाही." यांनी सांगितले की एक गृहस्थ नवा चष्मा लावून दुकानाबाहेर पडले आणि बायकोकडे बघून परत आत आले, म्हणाले, जुनाच द्या. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की तिकीटवाला खिडकीतून डोकावला. बावन्न वर्षांत यांच्या बोलण्यावर असे कोणी हसले नव्हते हो. परमेश्वराने सबंध आयुष्याचे देणे पाच तासांत बांधून हातावर ठेवले होते. सगळे दिसत होते... आणि माणूस चष्मेवाला!

तिसऱ्या तासाला बाई म्हणाल्या, "चाललेय त्या गावी नवीनच बिऱ्हाड मांडलंय मी. एकटीच आहे. तिथं चष्म्याचं एकसुद्धा दुकान नाही बघा."

याला काय उत्तर द्यावे? तुम्हीच सांगा, काय द्यावे? यांनी दिले, "हो का? गैरसोय होत असेल."

गैरसोय! जीभ तेथेच का नाही झडली? पण मनातला हिशेब निराळाच. हे म्हणत होते, बाई बोलतात ते आवाजाशी. चष्मा चढेल, हे टक्कल दिसेल, मग बोलावणे राहील का? खरे तर एकदाच विचारायचे होते, येऊ का दुकान घेऊन? पण फसवून विचारायचे नाही. आधी चष्मा द्यावा, त्यांनी नीट पाहावे, मग नाव विचारावे, गाव विचारावे. केवढा हा सत्यधर्म! आणि कधी सुचला? पाणी चढून बाईंची धाकटी बोट उभी राहिली तेव्हा!

बसवला एकदाचा स्क्रू. पुसला. चष्मा पुढे केला आणि टोपीही उतरवली. होऊन जाऊ दे! तर बाईंनी चष्मा घेतला, क्षणभर यांच्याकडे पाहिले... आणि घडी घालून पिशवीत टाकला. भोंगा झाला. "बरं, येते," म्हणाल्या. जरा थांबल्याही. हे उभे, टोपी चुरगाळत.

बोट धक्क्यापासून चांगली चाळीस हात लांब गेली, तेव्हा कठड्यावरून हाक आली, "अहो, मागं बघा! तुमची बोट साडेचारला लावलीय फळ्यावर! आणि ती टोपी परत घालू नका, सकाळी आलात तसेच बरे दिसता!"

चाळीस हातांवरून! खडूचे अक्षर! डोळ्यांना चष्मा नसताना!

मग पेटला दिवा. जवळचा चष्मा! सुईत दोरा ओवायला लागतो तो! लांबचे बाईंना स्वच्छ दिसत होते. फळाही, आणि हेही. फळा वाचायला सांगितला तो नुसता बोलणे काढायला! पाच तास त्या पाहूनच बसल्या होत्या. आणि माणूस चष्मेवाला!

गेले की नंतर शोधायला. त्या बोटीच्या अकराही धक्क्यांवर उतरले. जो तो विचारतो, नाव? ठाऊक नाही. गाव? तेच तर शोधतोय. काही खूण? तर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांना जवळचा पावणेदोन." काच पाहिली नाही, पण पुसताना मधला फुगवटा बोटांना लागला होता, बोटे विसरत नाहीत, म्हणतात. शेवटच्या धक्क्यावरच्या कारकुनाने आपलाच चष्मा काढून पुढे ठेवला, "घ्या, माझाही तोच. माझ्या बायकोचाही तोच."

दोन वर्षे झाली त्याला. आणि तुम्हाला सांगतो, या वयात जवळचा नंबर दोन वर्षांत चढतोच. म्हणजे साऱ्या जगात तिची म्हणून जी एवढी एक खूण यांच्यापाशी होती, तीही आता बदलली असणार... आणि बदलून दिली असणार दुसऱ्याच कुणीतरी चष्मेवाल्याने!