ज्यानं शोधलं त्याचा हक्क

शिरपूरच्या स्टँडवर मोटरची वाट पाहत होतो. बाजूच्या बाकड्यावर नवरा-बायको. नवऱ्याच्या हातात पेपर.

"मंगळ अन् गुरूच्या मधात लहानसा ग्रह सापडला म्हणते. शोधणाऱ्या साहेबानं त्याले बायकोचं नाव देलं."

"त्यालेच काहून इचारते नाव?"

"ज्यानं शोधला, त्याचा हक्क."

"मंग माहेरची मी वेणू. लग्नात तुमी रंगू केली. मी काय हरवली होती, तुमी शोधून काढाले?"

"हळू बोल. लोक ऐकून राह्यले."

"ऐकू द्या! आता व्याही आपल्या पोरीचंही नाव बदलतो म्हणते."

"रीतच हाय ते."

"त्याले नाही म्हणा."

"सोयरीक मोडली तं?"

"मोडू द्या."

"मोटर आली. चाल, रंगू."

"रंगू नाही येत. वेणूले न्याचं असन, तं व्याह्याले नाही म्हणाचं."