जपानी कार्टूनमधल्या आया

नाही नाही, सगळं केबल नका तोडू, चन्नबसप्पा काका — सासूबाईंना त्यांची मालिका लागते, ती गेली तर त्या मलाच घराबाहेर काढतील — ते जपानी कार्टूनचं एक चॅनल तेवढं काढा. निघतं ना एकटं? माझ्या अवताराकडं बघू नका, टँकरच्या रांगेतून तशीच आले. वेणी अशी पुढं घ्यावी लागते, घागरीचं पाणी पाठीवर ओघळतं, आणि आठ-आठ दिवस डोक्यावरून अंघोळ नाही तर भिजलेले केस वास मारतात. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, काका. डीएडला बालमानसशास्त्रात बहात्तर मार्क होते मला, आणि पोटच्या पोरीनं लिहिलेल्या एका शब्दाचा अर्थ लागेना. काल महानंदा मॅडमनी शाळेत बोलावून आमच्या पोरीची, मित्राची, वही दाखवली. तिसरीत आहे ती, निबंध होता ‘माझी आई’. अक्षर सुरेख, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. आणि पहिलंच वाक्य — माझी आई खूप चांगली होती. ‘आहे’ नाही. होती. मॅडम दबकत विचारतात, तुम्ही हिच्या मावशी का? म्हणलं, नाही हो, चांगली होती ती मीच.

हाव, हसा तुम्ही. पण हे आलं कुठून? टीव्हीतून, दुसरं कुठून येणार. मी बघितलंय ते सगळं — म्हणजे पोरगी काय बघून राहिली ते कळावं म्हणून बसले, आता महिना झाला बसून राहिलेय, परवा तर तव्यावर भाकरी करपली तरी उठले नाही, ते सोडा. लई चीड येते बघताना. मारामारी सुरू झाली की हिरो आधी फटक्याचं नाव ओरडून सांगतो, आणि समोरचा ते पुरतं ऐकून होईपर्यंत जागचा हलत नाही — आमच्या टँकरवर असं कोण थांबेल? नाव सांगेपर्यंत बायका तीन घागरी भरून मोकळ्या. मग तो ताकद गोळा करतो. केस उभे, दातावर दात, एक भाग, दोन भाग, तीन भाग, फटका येणार, येणार — तुमच्या लोकल चॅनलच्या पट्टीवर उदगीर जिल्हा होणार, होणार चाललंय ना, अगदी तसं. दुष्ट माणूस हरला की लगेच स्वतःच्या लहानपणाची गोष्ट सांगणार, सगळे रडणार, आणि उद्यापासून तो ह्यांच्याच पंगतीत. आणि त्या अंघोळी. त्या तर मला बघवत नाहीत, काका. काठोकाठ भरलेल्या हौदात तो बदकन बसतो आणि चार बादल्या पाणी फरशीवर. आपल्याकडं नळ बावीस दिवसांनी येतो, मी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत सांडत नाही, आणि पोरगी विचारते, आई, ते सांडलेलं पाणी कुठं गेलं? काय सांगू तिला?

पण तेही सोसलं असतं. आयांचं नाही सोसवत. दहा वर्षांचं लेकरू पाठीला पिशवी लावून गाव सोडतं आणि जेवलास का म्हणायला कुणी नाही. आई असते ती आठवणीत. आणि ती ओळखू येते बरं का — केस सैल बांधून एका खांद्यावरून पुढं घेतलेले, मागून ऊन, गोड हसणार, कधी रागवणार नाही. अशी दिसली की समजायचं, ही टिकत नाही. पुढच्या भागात फोटोत. मी मित्राला म्हणलंसुद्धा, बघ, ओरडणाऱ्या आईला काही होत नसतं, मी किती ओरडते. तिनं मान हलवली. मला तरी वाटलं, हलवली.

घरात? नाही, घरात तसं काही झालं नाही. मार्चमध्ये रांगेत चक्कर आली होती मला, एवढंच. उन्हानं. दोन सलाईन लावले, संध्याकाळी घरी. मित्रा होती संगं, भांडं धरायला — तिनंच शेजारणीला हाक मारली म्हणे, मला काही कळत नव्हतं तेव्हा. ह्यांना नाही कळवलं, नांदेडला नोकरी, उगं धावत आले असते. परत एकदा गेल्या आठवड्यात डोळ्यापुढं अंधारी आली, पण ते कुणी बघितलं नाही, मी मोरीत होते, दार लोटलेलं होतं. लोटलेलंच होतं, कडी नव्हती — नाही, काका, हे टीव्हीचंच आहे. काढा तुम्ही ते चॅनल.

नाही तर तिलाच विचारा. ती काय, तुमच्या टीव्हीपुढं स्टूल ओढून बसलीय. मित्रा, इकडं ये. काकांना सांग, तू ‘होती’ का लिहिलंस? सांग, बाळा, मी नाही रागवणार. — बघा, रागवणार नाही म्हणलं तर पोरगी जास्तच घाबरली. काय? मोठ्यानं बोल. काका, तो आवाज जरा बारीक करा. हं, काय म्हणालीस?

म्हणते, ‘आई, तू आधी वेणी मागं टाक.’