संतूच्या नावाची हाक

टीव्हीवर रिले बघताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येत नाही. चार बाय शंभर मीटरच्या रिलेत बॅटन घेणारा मागे वळून बघत नाही. मागून येणारा हाक मारतो, त्या हाकेवर नुसता हात मागे करायचा. आमच्या विद्यापीठाच्या संघात शेवटी धावायचा घोटीचा संतू, आणि त्याला बॅटन देणारा विलास नावानंच हाक मारायचा. मी राखीव. बाहेर बसून दोन वर्षं तेच ऐकलं.

स्पर्धा तोंडावर आली आणि द्वारका चौकात संतूच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. संतू गेला. त्याच्या जागी मला उभं केलं.

शर्यतीत विलास सुसाट आला आणि ओरडला, "संतू!"

माझा हात आपसूक मागे गेला. बॅटन बरोबर हातात बसलं. आम्ही तिसरे आलो.

विलास मात्र ट्रॅकवरच मटकन बसला. "जावेद, माफ कर यार. तोंडातून तेच निघालं."

"मग बॅटन पडलं का?"

पुढच्या स्पर्धेआधी त्यानं हळूच विचारलं, "आता काय ओरडू?"

"तेच," मी म्हटलं. "जावेद म्हणून ओरडलास, तर मी मागे वळून बघेन."