जावयाची पुढची जागा

लाकडाच्या धंद्यातल्या घराण्याला जावई पारखूनच घ्यावा लागतो. बंगळूरच्या वॉटर पार्कात, ओंडक्यासारख्या होडीच्या राइडच्या रांगेत, माझ्या मागे ही पारख चालू होती. मुलगी इथलीच, मुलगा पुण्याहून इथे सर्जापूर रोडला नोकरीसाठी आलेला.

"आमच्या पणजोबांनी डोंगरावरून लाकडी पाट काढला, मकरंद. त्यातल्या पाण्यावर ओंडके सोडले आणि एकावर स्वतः बसून खाली आले. म्हणून आमच्याकडे जावई पुढे बसतो."

"पुढे फार भिजायला होतं का, शिवानी?"

"स्वल्प."

"मग तू बस ना. लेडीज फर्स्ट."

"आधीचा मुलगाही हेच म्हणाला होता."

"मग?"

"त्याच्या लग्नात आम्ही छान जेवलो."

"हे कोणाला कळणार आहे पण?"

"अप्पा खाली उभे आहेत. अक्का व्हिडिओ काढतेय."

"आणि ते छत्रीवाले?"

"मामा."

"बरं, बसतो पुढे. डोळे मिटले तर चालेल?"

"सरी, चालेल. पणजोबांनीही मिटले होते म्हणे."

राइडवाल्याने दोघांना एकदा नीट पाहिलं आणि मकरंदला मागे बसवलं. जड माणूस मागे, असा तिथला नियम आहे.